बिनधुराची शेगडी आणि बंद खिडकी

मैत्रिणींनो, एखादं वाक्य आपण सहज बोलून जातो आणि तेच पुढं आपल्या अंगाशी येतं. माझंही असं एक वाक्य आहे. ‘‘अहो, हिचा धूर होत नाही, घरात कुठंही ठेवा!’’ बचत गटाच्या बैठकीत पेलेटच्या शेगडीची माहिती सांगताना मी हे किती वेळा बोलले असेन, मोजदाद नाही. आज चार ओळी लिहायला बसले आहे ती हे वाक्य मागं घेण्यासाठी.

आमचं निरवांगी नीरा नदीच्या काठी. चहूबाजूंनी ऊस, पाटाचं पाणी, त्यामुळं जानेवारीत पहाटेचा गारठा हाडात शिरतो. गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली. शेजारच्या आक्कांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगी झाली, सव्वा महिना माहेरी राहायचं ठरलं. आक्कांनी बाळंतिणीसाठी नवी खोली दिली. वर स्लॅब, खाली फरशी, सरकत्या काचांची खिडकी. वारं लागू नये म्हणून खिडकी बंद, दाराला गोधडी लावलेली.

एक दिवस सकाळी डिंकाचे लाडू घेऊन मी गेले. आक्का अंगणात नातीला मांडीवर घेऊन कोवळ्या उन्हात बसल्या होत्या. आत गेले तर पोरगी बाजेवर डोकं धरून पडलेली. ‘‘काकू, डोकं फुटायला लागलंय, मळमळतंय,’’ म्हणाली. उठायला गेली आणि झोकांडीच गेली. मी सावरलं, आणि माझं लक्ष बाजेखाली गेलं. तिथं आमच्या गटातूनच घेतलेली पेलेटची शेगडी होती. ज्वाळा विझलेल्या, आत नुसते लालबुंद निखारे. धूर म्हणाल तर काडीचा नाही.

गोधडी ओढली, खिडकी सताड उघडली, तिला धरून ओसरीवर आणलं. आक्का घाबऱ्या झाल्या. ‘‘अगं, धूर कुठंय त्यात? तूच म्हणालीस ना, घरात कुठंबी ठेवा म्हणून!’’ मला उत्तर सुचेना. गाडी काढून तिला दवाखान्यात नेलं, तिथं ऑक्सिजन लावला. संध्याकाळपर्यंत ती सावरली. बाळ त्या वेळी अंगणात होतं, हे केवढं नशीब! नुसत्या आठवणीनं आजही माझे हात गार पडतात.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते आपण सगळ्याजणींनी पदराला गाठ मारून ठेवावं असं आहे. जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. श्वासावाटे तो रक्तात गेला की रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, आणि मग शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, झोप येणं ही त्याची सुरुवात. आपण म्हणतो, थंडी बाधली. माणूस तसाच झोपला तर झोपेतच जातो.

धूर डोळ्यांना दिसतो, खोकला आणतो, म्हणून आपण त्याच्यापासून दूर पळतो. हा वायू काहीच इशारा देत नाही. बिनधुराचं म्हणजे बिनविषारी, हा माझा समज त्या सकाळी पार मोडला.

शेगडी आहे तरी काय?

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लाकडाचा भुसा, उसाचं चिपाड, भुईमुगाची टरफलं असा माल दळून, मोठ्या दाबानं यंत्रातून काढून पेनाइतक्या जाडीच्या कांड्या करतात. जाडी साधारण 6 ते 8 मिलिमीटर. त्या कांड्या म्हणजे पेलेट. शेगडीच्या आत धातूचं किंवा भाजक्या मातीचं भांडं असतं, त्याला खाली आणि वरच्या कडेला भोकं असतात. तळाशी छोटा पंखा, तो चार्जिंगवर चालतो. पेलेट भरून वरून पेटवायचे. खालच्या हवेनं पेलेटमधून जळाऊ वायू निघतो आणि वरच्या भोकांतून येणाऱ्या हवेत तो जळतो. म्हणून ज्योत गॅससारखी येते आणि धूर फार कमी होतो.

आपल्याकडं ही शेगडी नवी नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या संशोधनातून ‘ऊर्जा’ नावाची शेगडी तयार झाली आणि 2006 च्या सुमारास बाजारात आली. महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडूत 2009 पर्यंत अशा सुमारे 4 लाख शेगड्या गेल्या. पुढं चिपाडाला कारखान्यांतून मागणी वाढली, पेलेटचे भाव चढले, आणि या धंद्याचा भर घरगुती शेगडीवरून हॉटेल-खानावळींच्या मोठ्या शेगड्यांकडं गेला. कितीतरी घरांत शेगडी चांगली राहिली, पण पेलेट परवडेनात किंवा मिळेनात. शेवटी ती माळ्यावर गेली.

त्याआधी सरकारी सुधारित चुली येऊन गेल्या होत्याच. 1983 च्या सुमारास सुरू झालेला तो राष्ट्रीय कार्यक्रम 2002 मध्ये बंद झाला. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली, घराघरात सिलिंडर पोचला. तरी आंघोळीचं पाणी, जनावरांचं आंबोण, कार्याचा स्वयंपाक, हे गॅसवर कुणाला परवडतंय? म्हणून चूल आणि बंब अजून हलले नाहीत. त्याच कामांसाठी आमच्या गटानं पेलेटच्या शेगड्या घेतल्या.

आधी पेलेट, मग शेगडी

शेगडी घ्यायला आपण निघतो तेव्हा आधी ती दिसते कशी, चकाकते किती हे बघतो. पहिला प्रश्न वेगळाच हवा. पेलेट कुठून मिळणार, बारमाही मिळणार का, आणि किलोला काय भाव? हे कळल्याशिवाय शेगडीला हातसुद्धा लावू नका. हल्ली पेलेटला वीजकेंद्रांकडूनही मागणी आहे. कोळशात ठरावीक प्रमाणात पेलेट मिसळण्याचं धोरण केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं ऑक्टोबर 2021 मध्ये आणलं. पालापाचोळ्याचा पैसा होतोय ही चांगली गोष्ट, पण आपल्या चुलीचं जळण आता मोठ्या गिऱ्हाइकाच्या रांगेत उभं आहे, हेही ध्यानात ठेवायला हवं. आम्ही गटातल्या बाया मिळून एकदम माल मागवतो, त्यामुळं भाडं वाटलं जातं.

परवडतं का, हे कुणाला विचारायची गरज नाही. घरच्या घरी हिशेब करता येतो. एक किलो गॅसमध्ये सुमारे 11 हजार किलोकॅलरी उष्णता असते, एक किलो चांगल्या पेलेटमध्ये सुमारे 4 हजार. गॅसच्या शेगडीतली दोन तृतीयांश उष्णता भांड्याला लागते, पंख्याच्या शेगडीतली एक तृतीयांशाच्या थोडी वर. म्हणजे 14.2 किलोच्या एका सिलिंडरचं काम करायला अंदाजे 70 किलो पेलेट लागतात. तुमच्याकडच्या पेलेटच्या भावाला 70 नं गुणा आणि सिलिंडरच्या पावतीशेजारी ठेवा. समजा 12 रुपये किलो असेल, तर 840 रुपये झाले. आकडा पावतीच्या खाली असेल तरच पुढचं बोला. जळण विकत घेणाऱ्या घराला हा हिशेब बहुतेक वेळा जमतो. ज्यांच्याकडं तुराट्या, शेण्या फुकट आहेत त्यांना नुसत्या पैशात तो जमणार नाही, तिथं डोळ्यांचा आणि छातीचा हिशेब धरावा लागतो.

आता पेलेटची पारख. कांडी मोडली की ‘कट्’ असा आवाज यावा. पोत्याच्या तळाशी भुगा फार असेल तर माल कच्चा समजा. पेलाभर पाण्यात कांडी टाका, घट्ट असेल तर ती बुडते, हलकी फुसकी तरंगते. ओलावा दहा टक्क्यांच्या आत हवा. आणि सगळ्यात खरी परीक्षा राखेची. एक किलो पेलेट जाळा, गार राख तोला. 20-30 ग्रॅम भरली तर माल उत्तम, लाकडाच्या भुशाचा असणार. 100-150 ग्रॅम भरली तर त्यात माती तरी आहे नाहीतर भाताचा पेंढा. असा माल स्वस्त वाटतो, पण राख वितळून तिचे खडे होतात आणि भोकं बुजतात.

शेगडी बघताना आयएसआय खूण पाहा. लाकूडफाट्यावरच्या चुलींसाठी भारतीय मानक आहे, त्याचा क्रमांक 13152. पंख्याच्या शेगडीनं किमान 35 टक्के उष्णता भांड्याला दिली पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे. आतलं भांडं जाड आहे ना, ते वेगळं निघतं ना, पंखा आणि बॅटरी बदलून मिळते का, दुरुस्त करणारा बारामती-इंदापुरात आहे का, हे विचारा. आपलं मोठं पातेलं ठेवून हलवून बघा. शेगडी डुगडुगली तर नको. लहान पोरं रांगतात त्या घरात ही गोष्ट फार मोठी.

अजून एक. पेलेट आहेत म्हणून ते तांब्याच्या बंबात टाकू नका. पंख्याची हवा नसली की ते धुमसतात आणि घरभर धूर करतात. ज्याची चूल त्याचं जळण.

रोजची दोन मिनिटं

शेगडी सांभाळायला फार कष्ट नाहीत, पण शिस्त लागते. पेलेट वरच्या भोकांच्या खालीच राहतील इतके भरायचे. वर नारळाची वाळकी शेंडी ठेवून पेटवायची, जाळ धरला की पंखा लावायचा. मध्येच मूठ-मूठ पेलेट घालत बसायचं नाही, त्यानं धूर होतो. किती जेवणाला किती पेलेट, हे चार दिवसांत हाताला कळतं.

काम झाल्यावर पूर्ण गार होऊ द्या. घाईनं पाणी ओतू नका, तापलेलं भांडं तडकतं. निखारे उरले तर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर. झाकण लावलं की ते विझतात आणि कोळसा पुन्हा उपयोगी पडतो. मग राख झटकायची, आणि दाभणानं एकेक भोक मोकळं करायचं. भोक बुजलं म्हणजे हवा कमी, आणि हवा कमी म्हणजे तोच वायू जास्त. दाभण फिरवणं हे नुसतं टापटिपीचं काम नाही, जिवाचं काम आहे.

पंख्याचं तोंड आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्यानं पुसा. शेगडी मातीच्या जमिनीवर ठेवली तर पंखा धूळ ओढतो, म्हणून खाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा. दूध उतू गेलं तर ते खाली पंख्यापर्यंत पोचतं, तेव्हा दुधाशी तिथून हलू नका. चार्जिंग रात्रीच करून ठेवा. आपल्याकडं वीज कधी जाईल, भरवसा नाही.

पेलेट साठवण्यात मी सपशेल नापास झाले होते, तेही सांगून टाकते. पहिल्याच श्रावणात चार पोती पडवीत भुईवर रचली. पंधरा दिवसांनी बघते तर खालच्या दोन पोत्यांत कांडी नावाला नाही, सगळा ओला भुगा! आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, ‘‘धान्याला कणगी आणि याला भुई व्हय? जळणबी लक्ष्मीच की गं.’’ तेव्हापासून फळीवर ठेवलेलं झाकणाचं पिंप, आणि पोतं उघडलं की माल थेट त्यात.

राखेचंही एक सांगते. भांडी घासायला ती चांगली, परसातल्या झाडांना थोडी चालते. पण आपल्या नीरा कालव्याच्या पट्ट्यात बऱ्याच जमिनी आधीच खारवट, चोपण झाल्या आहेत. राख क्षारयुक्त असते, तिथं ती पाटीनं ओतू नका.

पाइप कुठाय?

आता पुन्हा त्या बाजेखालच्या शेगडीकडं येते. ती घटना झाल्यावर आठवड्याभरानं माझ्या भाच्याचा अमेरिकेतून फोन आला. तो बर्फाच्या मुलखात राहतो. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘‘मामी, आमच्या हॉलमध्येही पेलेटचीच शेगडी आहे, सगळं घर त्यावर गरम होतं. पण तुमच्या शेगडीचा पाइप कुठाय?’’

त्यानं मग व्हिडिओवर दाखवलं. 1973 च्या तेलटंचाईनंतर तिकडं जळणाला पर्याय शोधताना अशा शेगड्या पुढं आल्या. वर पेलेटची टाकी, खाली फिरत्या मळसूत्रानं लागतील तेवढेच पेलेट आत पडतात, पुढं काचेचं दार. आणि मागून एक पाइप भिंतीतून थेट बाहेर. जळलेली हवा त्या पाइपातून बाहेर जाते, खोलीत येते ती फक्त ऊब. त्याची निगाही चोख. राख वरचेवर काढायची, काच पुसायची, दाराची वादी तपासायची, वर्षातून एकदा माणूस बोलावून पाइप साफ करून घ्यायचा. एवढं करूनही भिंतीवर त्या वायूचा भोंगा लावलेला.

म्हणजे बघा, नाव एकच, पण त्यांची शेगडी खोली तापवण्यासाठी केलेली आणि आपली भांडं तापवण्यासाठी. आपल्या शेगडीला पाइप नाही, तिची जळलेली हवा आपल्याच नाकासमोर. तिला खोली तापवायला बसवणं म्हणजे ट्रॅक्टरची धुराची नळी घरात घेण्यासारखंच.

त्यात सगळ्यात वाईट वेळ कोणती? आपल्याला जी सगळ्यात चांगली वाटते ती! ज्वाळा गेल्या, पंखा बंद केला, धूर नाही, मस्त लाल निखारे. आपण म्हणतो, आता आत न्यावी. नेमका याच वेळी, पुरेशी हवा न मिळणाऱ्या निखाऱ्यातून तो वायू जास्त निघतो. मग ती शेगडी पेलेटची असो, कोळशाची असो, नाहीतर घमेल्यातला विस्तव असो. आक्कांनी नेमकं हेच केलं होतं, आणि त्यात त्यांची चूक म्हणावी तर तेवढीच माझीही.

त्या मला म्हणाल्या होत्या, ‘‘माझ्या चारी बाळंतपणांत शेगडी होती की बाजेखाली!’’ खरंच होती. पण त्या घरावर कौलं होती, कौलांना फटी होत्या, दाराखालून मांजर जाईल एवढी जागा होती. तेव्हाही धुरानं आया-लेकरं खोकली असतील, कुणाला काय झालं ते दृष्टीवर नाहीतर नशिबावर गेलं असेल. आज आपण स्लॅब टाकला, फरशी बसवली, काचेची खिडकी लावली. घर बदललं आणि रीत तीच राहिली. आईची माया तीच, पण हवा जायला जागा उरली नाही.

मग बाळंतिणीला ऊब द्यायची कशी? शेगडी अंगणात, तिच्यावर पाणी तापवा आणि रबरी पिशवीत भरून, फडक्यात गुंडाळून कमरेला शेका. बाळाच्या अंगाला ती पिशवी लावू नका, पोळतं. बाळाला टोपरं, मोजे, आणि आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून वर पांघरूण. कमी वजनाच्या बाळांसाठी तर जागतिक आरोग्य संघटनाही हीच पद्धत सांगते. ओवा-बाळंतशेपाची धुरी मात्र बाळाजवळ नकोच. ओवा आईच्या पोटात जाऊ द्या, धूर बाळाच्या नाकात नको.

आणि कुठल्याही शेगडीशेजारी कुणाचं डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर आधी दारं-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्यावर आणा, 108 ला फोन लावा. मोकळ्या हवेत बरं वाटलं तरी दवाखान्यात दाखवा.

पुढच्या बैठकीत मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, ‘‘बायांनो, मी चुकीचं सांगत होते.’’ सोपं नव्हतं ते. वीस जणींनी माझ्या शब्दावर शेगड्या घेतल्या होत्या. मग आम्ही घरोघरी फिरलो. सात घरांत शेगडी दार लावून वापरली जात होती, कुठं न्हाणीघरात, कुठं म्हाताऱ्या माणसाच्या खाटेशी. त्या सातही शेगड्या ओसरीवर आल्या. आता आमच्या गटात शेगडी द्यायची तर आधी घर बघायला जातो, आणि पहिली बघतो ती खिडकी.

आक्कांची नात आता दोन वर्षांची झाली. परवा पहाटे त्यांच्या ओसरीवर शेगडीवर पाण्याचं पातेलं चढलं होतं आणि ही चिमुरडी लांबूनच हात शेकत बसली होती. आक्का माझ्याकडं बघून म्हणाल्या, ‘‘बघ, बाहेरच हाय हं शेगडी!’’ मला हसूही आलं आणि डोळेही भरले.

तर मैत्रिणींनो, माझं ते जुनं वाक्य कुणी ऐकलं असेल तर विसरून जा. नवं असं आहे: धूर कमी होतो, म्हणून चुलीपेक्षा बरी. पण जाळ तो जाळच, त्याला मोकळी हवा हवी. आज संध्याकाळी पाणी तापवायच्या आधी एवढंच बघा, आपली शेगडी कुठं ठेवली आहे.